वालावलच्या मांगरातली गाडी

जहाजावर मी तेलवाला होतो. इंजिन रूममध्ये यंत्रांना तेल घालायचं, आणि कुठे ठिबकतंय, कुठे पाझरतंय ते टॉर्च घेऊन शोधत फिरायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. त्यामुळे जगातलं दुसरं काही कळो न कळो, तेल मला कळतं, असा माझा ठाम समज होता आणि तो मी कुणापासून लपवूनही ठेवला नव्हता. गावात कुणी जुनी मोटरसायकल घेतली तरी मी न बोलावता जाऊन खाली वाकायचो. काळा थेंब बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं. बायको म्हणायची, "घरातला खोबरेल संपला, ता मात्र ह्येंका कळणा नाय."

तिला हे म्हणायचा हक्क होता. वर्षातले नऊ-दहा महिने मी पाण्यावर आणि ती धामापूरच्या घरात. आधी माझ्या आईवडिलांचं करत आणि ते गेल्यावर एकटी. मूलबाळ झालं नाही. मी सुट्टीवर आलो की पाहुणा आल्यासारखी माझी सरबराई करायची, आणि मीही पाहुण्यासारखा खाऊनपिऊन निघून जायचो. निवृत्त होऊन कायमचा घरी आलो तेव्हा म्हटलं, आता गाडी घेऊ आणि तुला फिरवू. गाडी चालवायचा परवानासुद्धा काढला. गाडी मात्र राहिली. आज छप्पर, उद्या विहीर असं करत तीन वर्षं गेली आणि चौथ्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या.

मग आमचे सोमवार आणि गुरुवार सुरू झाले. कुडाळला डायलिसिस. सकाळी सातला रिक्षा दारात यायची. तिथे चार तास मशीनवर, आणि मग त्याच रिक्षाने परत. जाताना ती बरी असायची. रिक्षावाल्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायची, रस्त्यात कुणाच्या आंब्याला किती मोहोर आलाय ते मला दाखवायची. येताना तिच्याकडे बघवत नसे. अंगातलं पाणी ओढून काढलेलं असायचं, पायांत गोळे यायचे, मळमळायचं, आणि रिक्षात टेकायला जागा ती केवढी. मशीनच्या सुयांसाठी डाव्या हाताची शीर शस्त्रक्रिया करून जोडलेली, त्या हाताला धक्का चालायचा नाही. म्हणून तो हात मांडीवर घेऊन, उजव्या हाताने धरून बसायची. खड्डा आला की तिचं डोकं माझ्या खांद्यावर आपटायचं. मी मूळचा हडकुळा, माझा खांदा तिला लागायचा. एकदा नेरूरपारच्या पुलावर ती म्हणाली, "येताना जरा आडवा होवक गावला ना, तर माझा दुसरा कायच मागणा नाय."

घराभोवती चाळीस माड, आणि तिला शहाळ्याचा घोट बंद. दिवसाचं पाणीही मापून. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. हे एवढंच मागितलं, घरी परत येताना आडवं पडायला मिळावं. सगळ्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच.

भाड्याची मोटार दोनतीनदा केली. पण मालवणात सीझन म्हणजे सगळ्या गाड्या पर्यटकांच्या दिमतीला. शनिवारी हो म्हणणारा रविवारी फोन उचलत नसे. नवी गाडी घ्यायची ऐपत औषधांनी ठेवली नव्हती. तेव्हा जुनी, पण चांगली, मागची सीट सलग असलेली गाडी शोधायची असं ठरलं. माझी अट एकच होती, तेल गळणारी नको. गळणारं इंजिन आज ना उद्या रस्त्यात मान टाकतं, आणि ते नेमकं येताना टाकलं तर तसल्या अवस्थेत तिला घेऊन मी उभा कुठे राहणार? ही भीती खरी होती. तिच्यात माझा ताठा किती मिसळलेला होता, ते मात्र मला तेव्हा कळत नव्हतं.

ती मशीनवर असायची ते चार तास मला मोकळे. त्या वेळात मी रिक्षावाल्याला घेऊन गाड्या बघत हिंडायचो. पहिल्या गाडीचं इंजिन इतकं लख्ख धुतलेलं होतं, की मला तिथेच हसू आलं. जुन्या गाडीचं इंजिन आंघोळ घालून ठेवलं असेल तर समजावं, काहीतरी पुसून टाकलंय. मी खाली पुठ्ठा सरकवला, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायला लावलं, आणि चेंबरच्या बोल्टखाली बरोबर तीन थेंब पडले. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं. मालक म्हणाला, एसीचं पाणी असेल. मी थेंब बोटावर घेऊन बोट त्याच्या नाकाखाली धरलं. दुसऱ्या गाडीचं वरचं पॅकिंग गेलं होतं आणि तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत होतं. तिसरीच्या गिअरबॉक्सचं सील फाटलेलं, त्या तेलाला गंधकाचा वास. घरी आल्यावर हे सगळं मी तिला रंगवून सांगायचो. ती खाटेवर पडून ऐकायची आणि हसायची. म्हणायची, "तुमका गाडी घेवची आसा, काय नुसती नापास करूची आसा?"

वालावलची गाडी तिनेच शोधली. खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला होता, खाली मालकाचं नाव आणि नंबर. नाव वाचून ती उठूनच बसली. वालावल तिचं माहेर. ती एकुलती एक, आईवडील जाऊन बरीच वर्षं झालेली, घरही दुसऱ्याच्या हाती गेलेलं. माहेर म्हणायला तिथे काही उरलं नव्हतं. पण हे गृहस्थ तिच्या वडिलांच्या ओळखीचे, ती लहानपणी त्यांच्याकडे काजू घेऊन जायची. तिने लगेच फोन लावला. म्हाताऱ्यांनी तिला आवाजावरून नाही, पण वडिलांच्या काजूच्या भट्टीवरून ओळखलं. मोतिबिंदूमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि मुंबईच्या मुलाने ती विकायला काढली होती. तिने आपलं दुखणं सांगितलं, येताना आडवं पडायला सीट हवी हेही सांगितलं. ते म्हणाले, "माहेरवाशिणीक नाय म्हणाचा नाय. धाड तुझ्या घोवाक." फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती भट्टीच्या आणि देवळाच्या गोष्टी सांगत होती. तिला इतकं खुशीत मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिला मशीनवर सोडून मी वालावलला गेलो. वैशाखातलं ऊन होतं. म्हाताऱ्यांनी घरापुढच्या खळ्यात दोन खुर्च्या मांडल्या होत्या, कोकमाचं सरबत करून ठेवलं होतं. गाडी बाजूच्या मांगरात होती, म्हणजे शेतीची अवजारं, गवत, लाकूडफाटा ठेवायची कौलारू शेड असते तिथे. बारा-तेरा वर्षांची गाडी, पण ठेवलेली निगुतीने. टायर बरे, दारं नीट लागणारी, मागची सीट सलग. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी गळणा नाय. दोन वर्सां चालवूक नाय मी, पण दर आयतवारी चालू करतंय."

मी गुडघे टेकून इंजिनाखाली बघितलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर काळे डाग होते. एक नाही, सातआठ, आणि ओले. मी हात घालून एक डाग बोटाने उचलला, अंगठ्याने चोळला. दाट, चिकट, डांबराच्या रंगाचा. जन्मात न बदललेलं तेल असं होतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी नाकाशीही नेला, पण एकतीस वर्षं इंजिन रूममध्ये काढलेल्या माझ्या नाकाला त्यात इंजिनाशिवाय दुसरा कसला वास येणार? पुठ्ठा रिक्षात होता. तो मी आणला नाही. ते म्हणाले, चालू करून बघा. मी म्हटलं, गरज नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी मराठीत गेलो. आमच्याकडे माणूस कचेरीत साहेबासमोर मराठीत बोलतो, नाहीतर भांडायचं असलं की बोलतो. मी म्हटलं, "काका, माझी हयात तेलात गेली आहे. निदान मला तरी फसवू नका. आणि घरात आजारी माणूस आहे हे माहीत असताना तर नकोच." रिक्षावाला दुसरीकडे बघायला लागला. म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. डाग कुठे आहे ते त्यांना दिसेना, त्यांनी भलतीकडेच जमीन चाचपली. मग कसेबसे सरळ झाले आणि म्हणाले, "असात बाबा. माका दिसणा नाय. पण खोटा सांगूचा म्हणान नाय सांगलंय." मी सरबताला हात न लावता रिक्षात बसलो. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हे खरं ते सांगतो. आपण बायकोला एका संकटातून वाचवलं असं वाटलं होतं.

तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ते काका? ते फसवतले?" मी म्हटलं, माणूस फसवतो, तेल फसवत नाही. आणि वर, तुझ्या माहेरचा असला म्हणून काय झालं, असंही ऐकवलं.

दोन दिवसांनी माझं बोट आणि अंगठा चुरचुरायला लागला. तिसऱ्या दिवशी बारीक फोड आले, मग कातडी काळी पडली आणि सालपटं निघायला लागली. मी ते दवाखान्यातल्या हात धुवायच्या औषधावर ढकललं. आठवड्याने, मी चहा देताना तिने माझा हात धरला आणि उजेडाकडे वळवून बघितला. "ह्या खंयसून हाडलात?" तिने विचारलं. मी म्हटलं, असेल काहीतरी. ती म्हणाली, "कायतरी नाय. ह्या काजीचा तेल. माझ्या बापाशीच्या भट्टीत बायकांचे हात असेच सोलपटत."

काजूच्या टरफलातून काळं, दाट तेल निघतं. वाळवी लागू नये म्हणून पावसाआधी छपराच्या वाशांना ते फासतात. उन्हाने तापलं की ते टपकत राहतं, जमिनीवर लवकर सुकत नाही, आणि कातडीला लागलं तर दोन दिवसांनी आपला गुण दाखवतं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ती म्हणाली, वाशांना तेल लावताना त्यांनी गाडी बाहेर ढकलली असेल, आणि काम झाल्यावर परत आत. डाग आधीचे, गाडी त्यांच्यावर येऊन उभी राहिलेली. "मांगराचे वासे बघलात काय वर?" तिने विचारलं. मी वर बघितलंच नव्हतं. गाडीच्या आजूबाजूला असेच डाग होते की नव्हते, तेही मला आठवेना. मी फक्त इंजिनाखाली बघितलं होतं.

ती म्हणाली, "फोन करा तेंका. चुकलंय म्हणा, आणि गाडी घेवन येवा." मी म्हटलं, फोनवर बरं दिसत नाही, गुरुवारी जाऊनच येतो.

त्या गुरुवारी मी गेलो नाही. रिक्षावाल्याला घाई आहे असं तिला सांगितलं. सोमवारी ऊन फार होतं. पुढच्या गुरुवारी मी चक्क सावंतवाडीला दुसरी गाडी बघायला गेलो. कारणांना तोटा नव्हता. डाग काजूच्या तेलाचे असले म्हणून इंजिन चांगलं आहे असं थोडंच ठरतं, असं मी स्वतःला समजावायचो. एव्हाना ती विकली गेली असेल, असं म्हणायचो. खरी गोष्ट अशी, की त्या खळ्यात उभं राहून, त्या म्हाताऱ्यांसमोर, मी तेलात चुकलो, एवढे तीन शब्द म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. बंदराबंदरांत मी अधिकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, लाजबिज मला फारशी नाही. पण तेल सोडलं तर माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. तेवढंही हातचं जातंय असं वाटलं. आता हे लिहितानासुद्धा मला स्वतःची किळस येते.

सावंतवाडीची गाडी नापास केली. कणकवलीच्या दोन नापास केल्या. आता मी पुठ्ठा अर्धा अर्धा तास ठेवायचो, वर बघायचो, खाली बघायचो, चारी बाजूंनी बघायचो. एका गाडीच्या बोल्टपाशी नुसता ओलसरपणा होता, थेंब धरत नव्हता, तरी मी तिला नको म्हटलं. ती घेता आली असती. हेही मला तेव्हा कळत होतं.

नेरूरपारचा पूल ओलांडला की पुढे वालावलकडे जाणारा फाटा लागतो. आठवड्यातून दोनदा जाताना आणि दोनदा येताना आमची रिक्षा त्याच्यावरून जायची. आधी फाटा आला की ती काहीतरी बोलायची, वडिलांबरोबर इथून चालत गेल्याचं वगैरे. आता फाटा आला की मांडीवरच्या हाताकडे बघत बसायची. गाडीचा विषय तिने पुन्हा म्हणून काढला नाही. टोमणा नाही, आठवण नाही. मला वाटलं, विसरली. तिच्या बाबतीत मला जे सोयीचं असायचं तेच मला वाटायचं, आणि हे आयुष्यभर चाललं.

श्रावणात तिची तब्येत फार खालावली. एकदा येताना रिक्षा थांबवून तिला दोनदा उलटी झाली. रस्त्याच्या कडेला मी तिची पाठ चोळत उभा होतो, ती रिक्षाच्या दांड्याला धरून वाकलेली. तिच्या पाठीचे मणके हाताला मोजता येत होते. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की जातंय गो काकांकडे." तिने डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "जावा. तुमका जमात तेवा जावा." मी ते सवलत मिळाल्यासारखं घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मशीनवर असतानाच तिचा रक्तदाब उतरला, तो वर येईना. डॉक्टरांनी तिथेच ठेवून घेतलं. तीन दिवस त्यांनी आणि नर्सबाईंनी खूप केलं. रविवारी दुपारी ती गेली. सोमवारची रिक्षा सांगून ठेवलेली होती, ती नको म्हणून मला फोन करावा लागला.

कुडाळहून तिला आणली त्या वाटेबद्दल मी काही लिहिणार नाही.

दिवसकार्य झालं. माणसं आली तशी गेली. तिच्या माहेरी कळवायला कुणी नव्हतं, म्हणून कळवलंही नाही. तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला. आणि मग एक सोमवार आला. सकाळी सातला मी कपडे करून ओटीवर बसलो होतो. कुठे जायचं नव्हतं. तासभर तसाच बसलो. मग रिक्षावाल्याला फोन केला आणि म्हटलं, वालावलला जायचंय.

गाडीसाठी नव्हतो जात. चार महिने होऊन गेले होते, गाडी केव्हाच गेली असणार. मला फक्त ते तीन शब्द म्हणायचे होते. तिच्यासाठी म्हणायचे होते, ती नसताना. याचा उपयोग काय, असं रिक्षावाल्याने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्याने विचारलं नाही.

रिक्षा खळ्याच्या बाहेर थांबली. म्हातारे ओटीवर होते, आवाज ऐकून उठले. "कोण ता?" मी म्हटलं, "मी. धामापूरचो." त्यांच्या तोंडावर राग येईल म्हणून मी थांबलो. ते हसले. म्हणाले, "इलास? बाय म्हणा होती, येतले म्हणान. म्हटला, चार म्हयने झाले, कसले येतत."

मला काही कळेना. मी विचारलं, "खंयची बाय?"

"खंयची म्हणजे? तुमची." मग एकदम जीभ चावली. "माका सांगू नको म्हणान सांगलेला तिना. पण आता इलास म्हटल्यावर काय."

ओटीच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं ते असं. माझं बोट बघितलं त्याच आठवड्यात तिने त्यांना फोन केला होता. मशीनवरून केला होता, मी बाहेर गाड्या बघत हिंडत असताना, मोकळ्या उजव्या हाताने. तिने त्यांना काजूच्या तेलाचं सांगितलं, माझ्या वतीने माफी मागितली आणि म्हणाली, "काका, गाडी कोणाक देव नका. ते येतले. चुकलंय ता तेंका कळला आसा, पण येवक जड जाता. तेंच्या तेंका येवंदे. माझो फोन इलेलो ह्या सांगा नका." त्यानंतर दर सोमवारी तिचा फोन यायचा. गाडी ठेवलीत मां काका, एवढंच विचारायची. त्यांनी तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. मुलगा चिडला, तरी त्यांनी ऐकलं नाही. माहेरवाशीण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागतेय, असं ते म्हणाले.

म्हणजे वैशाखापासून दर सोमवारी आणि गुरुवारी, त्या फाट्यावरून जाताना, तिला माहीत होतं. आत दोन मैलांवर तिची गाडी उभी आहे, आपण एक शब्द टाकला तर ती उद्या दारात येईल. तिने तो शब्द टाकला नाही. माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती माझ्या हडकुळ्या खांद्यावर डोकं आपटून घेत राहिली. आणि मला वाटत होतं, ती विसरली.

म्हातारे उठले, मला मांगराकडे घेऊन गेले. गाडीवरची चादर त्यांनी ओढून काढली. गेल्या आठवड्यात काही तिचा फोन नाही, त्याच्या आधीच्याही नाही, रेंज नसेल, असं काहीतरी ते बोलत होते. मग त्यांनी मागचं दार उघडलं. सीटवर नवी वाकळ अंथरलेली होती, पातळ, हाताने शिवलेली, आणि एका बाजूला पांढऱ्या अभ्र्याची उशी. "आडवी पडान जातलंय म्हणा होती," ते म्हणाले, "म्हणान शिवन घेतलंय." त्यांनी उशी थोपटून सारखी केली आणि खळ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या रिक्षाकडे डोळे बारीक करून बघितलं. त्यांना तिथे रिक्षा आहे एवढंच दिसत असावं.

"रिक्षेतच बसली आसा काय ती? उतराक सांग. बाय गो!" त्यांनी हाक मारली. "उतर गो, तुझाच घर आसा."

मी म्हटलं, "काका, आधी गाडी बघतंय." आणि जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकलो. त्यांच्यासमोर उभं राहणं मला शक्यच नव्हतं. टॉर्च नव्हता, मोबाईलचा उजेड लावला. चेंबर बघितलं. बोल्ट बघितला. गिअरबॉक्सचं सील बघितलं, पॅकिंगच्या कडेने सगळीकडे बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली. बारा वर्षांच्या गाडीचं इतकं कोरडं इंजिन मी बघितलेलं नाही. बघण्यासारखं काही उरलं नाही तरी मी तिथेच पडून राहिलो.

"गळता काय रे?" त्यांनी वरून विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "गळणा नाय. तेवाय गळा नव्हती. मी तेलात चुकलंय काका. माका आठ दिवसांत कळला होता, तरी मी येवक नाय."

"ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "ता रवांदे आता. तिका कित्याक ताटकळत ठेवलंस? थांब, मीच हाडतंय तिका."

गाडीखालून मला त्यांचे पाय दिसत होते. ते वळले, मांगराचा उतार पायाने चाचपत उतरले आणि खळ्यातून रिक्षाच्या दिशेने हळूहळू चालायला लागले. मी बाहेर येऊन, त्यांचा हात धरून सांगायला हवं होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही. मी गाडीखालूनच ओरडून सांगितलं, ती गेली म्हणून. ते पाय खळ्याच्या मध्यावर थांबले.